कीबोर्डात न बसलेलं गाणं

आनंदराज सोनकांबळेला नांदेडातल्या सगळ्या गायन पार्ट्या ओळखतात. ऐन कार्यक्रमात कुणाचा कीबोर्ड मुका झाला, कुणाच्या मिक्सरातून धूर निघाला, की पहिला फोन यालाच. मी केरबा. याच्याच पार्टीत ढोलकी वाजवतो. याच्या बापाचा दोस्त मी, अन् बाप गेल्यावर त्या घरातला अर्धा म्हातारा मीच. म्हणून त्याची गोष्ट सांगायचा हक्क माझा हाय. अन् खरं सांगू का, सांगितल्याबिगर मला चैनबी पडंना. त्याच्या पोरीच्या नामकरणाच्या दिवशी त्या घरात जे झालं ते बघून मी जो आ वासला, तो अजून मिटला न्हाई.

आधी पार्टीवाल्यांच्या बोलीतली एक गोष्ट सांगून ठेवतो, न्हाईतर पुढचं काहीच कळायचं न्हाई. आमच्यात 'गाणं दे' म्हणलं की कुणी गात न्हाई, खिशातून पेनड्राइव्ह काढतो. त्यात जी फाइल असती तिला मिडी म्हणतात. ती कीबोर्डात घातली की कीबोर्ड आपोआप वाजाय लागतो, अन् वाजवणारा नुसता हात फिरवल्यासारखं करतो. मिडी हे नाव दुकानदारांच्या तोंडी, आमच्या तोंडी गाणंच. आनंदराज असली गाणी बनवून देतो. नायगाव, देगलूर, निलंगा, कुठल्याबी पार्टीत जावा, यानं बनवलेलं एक तरी गाणं वाजत असतंय. माझं अन् त्या प्रकाराचं कधी जमलं न्हाई. त्याच पेनड्राइव्हातून ढोलकीबी वाजाय लागली, अन् ढोलकी आपोआप वाजाय लागल्यावर केरबाला कोण इचारतो? पण पोरगा आपला. शिव्या द्यायच्या अन् त्याच्याच टेम्पोत बसायचं, असं आमचं चाललेलं.

त्याची आई पंचफुला वैनी. आमच्या पार्टीची गाणारीण. माहेर निलंग्याच्या पलीकडं, जिथनं चार पावलं टाकली की लोक कानडी बोलाय लागतात. तिची माय गौरम्मा लोकाच्या रानात खुरपायला जायची अन् खुरपता खुरपता गायची, अर्धं मराठी, अर्धं कानडी. वैनीचा गळा तिथलाच. बाई सुरावर उभी राहतच न्हवती. एका सुरावरनं दुसऱ्या सुरावर जाताना मधली सगळी वाट पायाखाली घालून जायची, घाई म्हणून न्हाई. चौकात हजार माणूस असलं तरी ती आवाज ओढत न्यायला लागली की लेकरं रडायची थांबायची. डोळ्यानं बघितलंय मी.

आनंदराजनं पहिला कीबोर्ड घरी आणला त्या दिवसाची गंमत सांगतो. तवा तो डिप्लोमा शिकत होता, मिशी नुकती फुटलेली. वैनी हरखून गेली. म्हणली, "माझ्या मायचं एक गाणं हाय रं, ते वाजव की यात." अन् गायला लागली. हा कीबोर्डाच्या पट्ट्या शोधायलाय, ती भलतीकडंच निघालीय. ह्या पट्टीवर सापडंना, त्या पट्टीवर सापडंना, सूर दोन्हीच्या मधी कुठंतरी. शेवटाला हा वैतागला. "आई, थांब. हे कीबोर्डात बसत न्हाई. बेसूर व्हायलीस तू." वैनी हसली. मीबी हसलो. चहा झाला अन् विषय संपला.

त्यानंतर वैनी पार्टीत कीबोर्डाला धरून गायची. सरळ, पट्टीत. लोक टाळ्या वाजवायचे. पण वस्तीत कुणाच्या घरी पाळणा असला की तिथं कीबोर्ड नसायचा, अन् तिथं वैनी आपली गायची. तिनं स्वतः जोडलेला पाळणा होता.

हळू हाल रे पाळण्या, दोरी निळ्या सुताची,
जागी माय उशापाशी, झोप घे गं सुखाची.

'पाळण्या' म्हणताना ती 'पा'वरनं 'ण्या'वर अशी यायची की ऐकणाराची मान आपोआप हलायची. आमच्या वस्तीतली निम्मी लेकरं त्याच्यावर झोपली असतील. आनंदराजला कोण जाणे कितींदा म्हणालो असंन, "तुझी बायको कवा वैनीला पाळणा म्हणायला लावणार?" त्याची बायको बुद्धप्रिया शाळेत मास्तरीण. ती लाजायची अन् मला चहात साखर कमी टाकायची.

मग बुद्धप्रियाला दिवस गेले, अन् त्याच सुमाराला वैनीचा आवाज बसला. आम्ही म्हणलं थंडीनं असंल, काढा दिला, हळद-दूध दिलं. बसलेला आवाज उठंना. शेवटी लातूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई लई शांत होती. म्हणली, गळ्यात गाठ हाय, ती पसरलीय, आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागंल. जीव वाचंल, आवाज परत येणार न्हाई.

गाणाऱ्या बाईला असं सांगायचं? आनंदराज भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढरा फटक. अन् वैनी काय म्हणली असंल? घोगऱ्या आवाजात म्हणली, "काढा पेटी. जीव ठेवा. मला नातवंड बघायचंय."

परतीच्या बसमध्ये अहमदपूर आलं. मग आनंदराज एकदम म्हणला, "आई, ऑपरेशनच्या आधी तुझा पाळणा धरून ठेवायचा." बरोबर बोलला पोरगा. तुम्ही म्हणाल, आजकाल सगळ्यांच्या मोबाइलात व्हिडिओ असतात की. असतात. त्यात माझी ढोलकी ऐकू येती, शिट्ट्या ऐकू येतात, वैनी कुठंतरी मागं. पाळण्याचा एकच व्हिडिओ सापडला, त्यात एक अर्धी ओळ अन् बाकी कुकरची शिट्टी.

आवाज थोडा मोकळा असायचा तो सकाळी. मग एका सकाळी आनंदराजनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, शेजाऱ्यांना हात जोडून टीव्ही बंद करायला लावला. चांगला माइक आणला. वैनी भिंतीला टेकून बसली, समोर रिकामा पाळणा टांगलेला, अन् पाळणा म्हणली. घोगरी होती, पण कुठं काही सोडलं न्हाई. सगळी वळणं घेतली, सगळ्या वाटा चालली. बुद्धप्रिया पोटावर हात ठेवून ऐकत होती. मी ढोलकीला हातबी लावला न्हाई. झाल्यावर वैनी म्हणली, "झालं का रं? नीट आलं का?" आनंदराजनं कानाला लावून ऐकलं अन् मान हलवली. "आलं, आई. सगळं आलं." ही बघा, ही त्या घरची शेवटची चांगली सकाळ.

ऑपरेशन झालं. वैनी वाचली. गळ्याला भोक, श्वास तिथनंच. ओठ हलवायची, आवाज न्हाई. लिहिता-वाचता तिला येत न्हवतं, सगळं हातानं. चहा पाहिजे तर बोट ओठाला, मी आलो की हात उंच करून जय भीम. मला तिच्यासमोर बसवत न्हवतं, खरं सांगतो. बाहेर येऊन नाक शिंकरायचो अन् म्हणायचो धूळ लई झालीय.

बुद्धप्रियाला मुलगी झाली. दवाखान्यातनं घरी आणली त्या दिवशी आनंदराज नुसता नाचत होता. पोरीला पाळण्यात ठेवली. वैनी उशाशी. मला म्हणला, "काका, बसा. आईचा पाळणा लावतो." पेनड्राइव्ह काढला, स्पीकरला जोडला.

टुण. टुण टुण. टुण.

पियानोचा आवाज. एक पट्टी, मग दुसरी, मग तिसरी. चाल ओळखू यायली, पण वैनी कुठंच न्हाई. शब्द न्हाईत, गळा न्हाई, घोगरेपण न्हाई. ती 'पा'वरनं 'ण्या'वर जिथं निवांत चालत यायची, तिथं टुण टुण टुण, तीन दगड.

मी म्हणलं, "अरे येड्या, दुसरं लाव. हे कुठलं लावलंस?"

तो फाइल बघायलाय, परत बघायलाय, लॅपटॉप उघडून बघायलाय. मग हात खाली सोडून बसला. काय केलं होतं माहिताय का त्यानं? माइकवर रेकॉर्डिंग केलं. मग जसं तो सगळ्या गाण्यांचं करतो तसं कॉम्प्युटरला ऐकवलं. कॉम्प्युटर ऐकून पट्ट्या काढून देतो, त्याची मिडी फाइल बनली. त्याच्या लेखी ते गाणं झालं. वीस वर्षं ज्याला गाणं म्हणत आला, तेच झालं. ऑपरेशनसाठी लातूरला निघायच्या गडबडीत लॅपटॉप भरलेला, पार्टीची कामं अडलेली, म्हणून यानं सवयीनं गाणं ठेवलं अन् रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दुसऱ्या कुणाच्या हातनं असं झालं नसतं. ज्याला कीबोर्डातलं काही कळत न्हाई त्यानं आवाज ठेवला असता. आमच्या पार्टीवाल्याच्याच हातनं हे होऊ शकतं, अन् झालं. पुढं पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय करून बघितले, पण त्या जागेवर दुसऱ्याच कामाचा डोंगर चढला होता.

"काका," तो तिथंच बसल्याबसल्या म्हणला, "मी गाणं ठेवलं अन् आई पुसली."

बुद्धप्रिया उठून स्वयंपाकघरात गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मला त्याच्या कानाखाली जाळ काढावा वाटला. पण हात उचलंना. वैनीकडं बघायची तर कुणाचीच हिंमत होईना.

वैनीनं खूण केली, परत लाव. यानं लावलं. टुण टुण. वैनीनं ऐकलं, अन् मग उजव्या हाताचं बोट हवेत धरलं. पियानो टुण म्हणायचा अन् हिचं बोट तिथनं पुढं ओढत जायचं, खालनं वर, वरनं थोडं मागं, थांबून परत पुढं. नाराजीनं मान हलवायची. असं न्हाई, असं. सगळा पाळणा तिनं बोटानं हवेत म्हणून दाखवला. आनंदराज बघतच राहिला. आवाज काढून टाकला होता, पण वैनीच्या बोटात गाणं जसंच्या तसं शाबूत होतं.

त्या दिवसापासनं पोरगा झपाटला. दुकानातली दुरुस्तीची कामं तशीच पडलेली. लोक मला फोन करून इचारायचे, आनंदराज आजारी हाय का? मी म्हणायचो, हाव, आजारीच समजा. एकदा जाऊन त्याला फैलावर घेतलं. "काय करायलास काय तू? कुठं मिडी, कुठं तू? सगळी दुनिया वापरती ती गोष्ट, तू काय बदलणार?"

त्यानं मला समोर बसवलं. "काका, तुम्ही ढोलकीच्या डाव्या अंगाला तळहात दाबून घुमवता, तो घुमारा विजेच्या पॅडवर का निघत न्हाई?"

"कारण ते पॅड हाय, ढोलकी न्हाई. एवढं मला शाळेत न जाता कळतंय."

"न्हाई, काका. पॅडचाबी दोष थोडाच. पॅड जे बोलतंय त्या बोलीत घुमारा सांगायला शब्दच न्हाई. लई वर्षांपूर्वी कीबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी बसून ठरवलं, एकाचं यंत्र दुसऱ्याशी बोलायचं तर कोणत्या बोलीत. तवा तारा सावकाश, कॉम्प्युटर मंद. म्हणून मोजकंच बोलायचं ठरलं. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कवा सोडली. जोराच्या एकशे अठ्ठावीस पायऱ्या, बास. आवाज त्यात जात न्हाई, काका, नुसता निरोप जातो. बाकी सगळं ऐकणाऱ्या यंत्राच्या मर्जीवर."

"अन् कीबोर्डाच्या डावीकडचं ते चाक? त्यानं सूर वाकवतोस की तू."

"वाकतो. पण एकाच वेळी दाबलेले सगळेच वाकतात. चार माणसं बसलीत अन् एकानं मान वळवली की चौघांची मान वळली, असलं ते चाक. अन् सगळ्यात वाईट सांगू? ते नुसतं पाठवतं. तिकडं पोचलं का, कसं वाजलं, काही इचारत न्हाई. बोलून मोकळं. आता नवी आवृत्ती काढलीय त्यांनी, तिच्यात एकेक सूर वेगळा वाकतो, दोन्हीकडनं बोलताबी येतं. पण आपल्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या कीबोर्डात ती अजून कुठंय? अन् आली तरी तिथंबी मूळ धरलंय पट्टीलाच. आधी पट्टी, मग तिला वाकवा. आई आधी पट्टी धरत होती का? आईचा सूर म्हणजे सबंध वाट."

मला हे अर्धंच कळलं, पण त्याचं म्हणणं कळलं. त्याला पट्टीच नको होती. त्यानं आपली स्वतःची बोली जुळवायला घेतली. सूर म्हणजे पायरी न्हाई, रेघ. बोट आता कुठं हाय, किती दाबलंय, कुठं निघालंय, हे सारखं सांगत राहायचं, एका क्षणाचाबी खंड न्हाई. अन् वाजवणाऱ्या बाजूनं उलटं कळवायचं, इथवर पोचलं, असं वाजायलंय, मधलं हुकलं, परत सांग. एकानं बोलायचं अन् दुसऱ्यानं हुंकार द्यायचा, आपण गोष्ट ऐकताना देतो तसा.

एवढ्यासाठी त्यानं सागवानाची एक हातभर फळी घेतली, तिच्यावर काळ्या रबराचा लांब पट्टा बसवला, खाली तारांचं जंजाळ. पहिल्यांदा वाजवली तवा कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी केकाटली. बाळ दचकून रडाय लागलं अन् बुद्धप्रियानं आम्हा दोघांनाबी घराबाहेर काढलं. नंतर फळी बोट उचललं तरी गप बसंना. मग गप बसली ती बोलंचना. आनंदराज दाढी करायचा विसरला. मी रोज जाऊन शिव्या द्यायचो, अन् रोज जायचो.

एक दिवस म्हणला, "काका, घुमवा." मी तळहात रबरावर दाबला अन् ढोलकीवर नेतो तसा पुढं रेटला. स्पीकरातून गुंऽऽव निघाला. असा माझाच, माझ्या हाताचा. अरारा! मी हात मागं घेतला, परत दाबला. परत तसाच, पण थोडा वेगळा, जसा माझ्याच्यानं दोनदा एकसारखा कधी निघत न्हाई तसा. उभ्या आयुष्यात मी विजेच्या वस्तूला नमस्कार केला न्हवता. त्या दिवशी केला.

आवाज मात्र वैनीचा न्हवता त्यात. तो कुठनं आणणार? बाजाच्या पेटीच्या अन् बासरीच्या मधला, मऊ, जरासा घोगरा आवाज त्यानं बसवला होता. वैनीला फळी दिली नामकरणाच्या आदल्या दिवशी. तिनं रबरावरनं बोट फिरवलं, खाली-वर, नुसतं बघायला. मग फळी पदराखाली घेऊन झोपली. आनंदराज मला म्हणला, "काका, उद्या माझी पोरगी आईच्या पाळण्यावर झोपंल. एवढं झालं की मला आईच्या तोंडाकडं बघता येईल." तवापासनं त्यानं आईच्या डोळ्याला डोळा दिला न्हवता. मला ठाऊक होतं. वैनीलाबी ठाऊक होतं.

नामकरण दुपारच्या जेवणाआधी होतं. घर भरलेलं. तसबिरींसमोर मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पोरीचं नाव महामाया ठेवलं. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पाळण्याभोवती जमल्या. स्वयंपाकघरातनं खिरीचा वास. ठरलं असं होतं की वैनी फळीवर सूर धरणार अन् बाया शब्द म्हणणार. शब्द सगळ्यांना पाठ. गेले होते ते फक्त सूर.

वैनीनं फळी मांडीवर घेतली. बोट ठेवलं. बायांनी 'हळू हाल रे' म्हणायला तोंड उघडलं, अन् तशीच राहिली.

पाळणा न्हवताच तो. भलतंच काहीतरी. बोट खालनं निघालं, सावकाश, ओल्या रानातनं चालल्यासारखं, वर जाऊन एका जागी थरथरलं, अन् तिथनं दोन सुरांच्या मधल्या फटीत शिरलं. बाया एकमेकींकडं बघायल्या. आनंदराजच्या कपाळाला आठी. त्याला वाटलं फळी बिघडली. तो तारा बघायला वाकला.

मी ओळखलं. एकदाच ऐकलं होतं, पण ओळखलं. मी म्हणलं, "वायर सोड. फळी ठीक हाय. हे तुझ्या आज्जीचं गाणं हाय, गौरम्माचं. तू पहिला कीबोर्ड आणला त्या दिवशीचं."

तो तसाच वाकलेला राहिला.

काय सांगू तुम्हाला, काय गाणं होतं ते! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं कीबोर्डाला येत न्हवतं अन् बेसूर ठरली माझी वैनी. प्रत्येक सूर जिथं पाहिजे तिथंच होता. पट्ट्याच चुकीच्या जागी होत्या. वैनीचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. शब्द म्हणत होती ती, कानडी का मराठी कुणाला कळलं न्हाई. घरातलं लेकरूसुद्धा हू की चू करंना. इतकी वर्षं ही बाई एवढं पोटात घेऊन आमच्यासंगं टेम्पोत बसत होती अन् आम्ही तिला पट्टीत गायला लावत होतो.

अन् एकदम ती थांबली. मधीच. सूर वर चढत होता, अजून कुठंतरी जायचा होता, अन् तिथंच बोट थांबलं. तिनं डोळे उघडले अन् आनंदराजकडं बघितलं.

मला जागा ओळखू आली. इथंच. इथंच त्यानं म्हणलं होतं, आई, थांब.

आनंदराजलाबी आली. तो तिच्या पायाशी गुडघ्यावर बसला. पाळणा पुसल्यापासनं पहिल्यांदा आईच्या तोंडाकडं बघून बोलला. "आई, बसतंय गं. सगळं बसतंय. तू बेसूर न्हवतीस. म्हण ना पुढं. पुढं म्हण."

वैनीनं बोट परत रबरावर ठेवलं. थोडं वर नेलं, खाली आणलं. दुसरीकडनं जाऊन बघितलं. परत उचललं. कपाळाला आठ्या घालून आठवायली. सगळं घर वाट बघायलंय. मग तिनं फळीवरनं हात काढला अन् दोन्ही पंजे उघडून दाखवले. रिकामे. न्हाई. विसरले.

"आई, आठव की. थोडं तरी."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती तर त्याचीच समजूत काढायली. जितकं तिनं त्या कीबोर्डाच्या दिवशी म्हणलं होतं तितकंच तिच्यापाशी उरलं होतं. पुढचं, जे तिला म्हणायचंच मिळालं न्हाई, ते तिच्याकडनंबी गेलं होतं.

ती टुणटुण वाजल्यापासनं पहिल्यांदा बुद्धप्रियानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. खीर कुणी खाल्ली का न्हाई मला आठवत न्हाई.

नंतर आनंदराज निलंग्याकडं जाऊन आला. वैनीच्या माहेरच्या गावात फिरला, म्हाताऱ्या बाया शोधल्या. रत्नम्मा म्हणून एक म्हातारी सापडली, गौरम्मासंगं खुरपायला जाणारी. यानं सुरुवात ऐकवली तशी ती म्हणली, "ते होय? ते गौरम्माचं तिनंच जोडलेलं. आम्हाला कुठलं यायला? पंचफुलाला येत असंल की, तिलाच शिकवायची. तिला इचार."

आता फळी वैनीच्या उशाशीच असती. पाळणाबी वाजवती ती, सगळी वळणं घेऊन, अन् बुद्धप्रिया शब्द म्हणती. आनंदराजनं ते दोन ठिकाणी साठवून ठेवलंय, तिसरं माझ्या मोबाइलात. लोक येतात, त्याची ती नवी बोली बघतात, आपल्यालाबी फळी करून दे म्हणतात. देतो तो. पण देताना प्रत्येकाला आधी इचारतो, घरात कुणी म्हातारं गातं का, अन् गात असंल तर मधी बोलू नका म्हणून सांगतो.

दुपारी मी जातो तवा वैनी पोरीला झोपवत असती. गौरम्माचंच वाजवती बहुतेक. त्या जागेवर येती, थांबती, अन् परत पहिल्यापासनं धरती. आनंदराज दारात उभा राहून ऐकतो, अन् दर वेळी त्या जागेपाशी श्वास धरतो. महामाया मात्र तेवढ्यावरच झोपती. तिला कुठं ठावं हाय, पुढं अजून गाणं होतं म्हणून.